सुरकुतलेल्या लिथॉप्सला पाणी घालू का?

लिथॉप्स म्हणजे दगडासारखं दिसणारं, मांसल पानांचं इवलंसं रोप; लोक त्याला 'जिवंत दगड' म्हणतात. त्याबद्दल प्रश्न असा आहे: "ठाण्यात सहाव्या मजल्यावर पूर्वेची गॅलरी आहे. डिसेंबरात ऑनलाइन तीन लिथॉप्स मागवले. एक पंधरा दिवसांत मऊ पडलं आणि हातात घेतलं तर पाणी पाणी होऊन गेलं. दुसऱ्याच्या फटीतून नवी पानं डोकावतायत, पण बाहेरची पानं सुरकुतलीत. आई रोज म्हणते, अगं पाणी घाल त्याला. तिसरं उंच होऊन एका बाजूला झुकलंय. पावसाळ्यात यांचं काय करायचं? आणि निळ्या-जांभळ्या लिथॉप्सच्या शंभर बिया दीडशे रुपयांत मिळतायत, घेऊ का?"

दुसऱ्या रोपाला पाणी घालू नका. एवढं आज केलंत, तर बाकीचं रविवारी सावकाश वाचलंत तरी चालेल.

आईंचं म्हणणं मला कळतं. आपल्या घरात सुकलेल्या गोष्टीवर पहिला उपाय पाणीच असतो, मग तो मोगरा असो की कोथिंबिरीची जुडी. पण तुमचं रोप सुकलेलं नाही. ते जेवतंय. लिथॉप्सला एका वेळी दोनच पानं असतात, एकमेकांना चिकटलेली, मध्ये एक फट. वर्षातून एकदा, थंडीत, त्या फटीच्या आत नवी जोडी तयार होते आणि ती जुन्या जोडीतलं पाणी आणि अन्न ओढून घेत वाढते. बाहेरची पानं सुरकुततात ती त्यामुळे. जुनी पानं म्हणजे नव्या पानांचा भरलेला डबा आहे. आईंना सांगा, डबा आधी संपू दे.

या वेळी पाणी घातलं तर काय होतं, ते मी स्वतःच्या हाताने करून पाहिलंय, एकदा नाही, दोन हिवाळे. मुळं पाणी घेतात, जुनी पानं पुन्हा टम्म फुगतात, आणि आतली जोडी दोन भिंतींमध्ये चेपली जाते. मग एक तर जुनी पानं संपतच नाहीत आणि रोप दुमजली दिसायला लागतं, खाली जुनी जोडी, तिच्या डोक्यावर नवी. नाही तर नवं पान एका बाजूने तडकतं. पिकलेलं टोमॅटो पावसात उकलतं ना, तसं. तडकलेलं रोप बहुधा जगतं, पण तो व्रण वर्षभर बघावा लागतो, पुढची जोडी येईपर्यंत. दुमजली रोपाला जुन्या पानांच्या बेचक्यात ओल धरते आणि कुजण्याची सुरुवात तिथून होते.

पुण्यात माझ्या गच्चीवरून एकदा कुंडी पडली आणि एक लेस्लिआय जातीचं रोप अर्धं फुटलं. वाचणार नाही हे दिसत होतं, म्हणून ते ब्लेडने उभं चिरलं. आतला गर थेट ताडगोळ्यासारखा, थंड आणि पारदर्शक. हिरवा रंग गरात नाहीच. तो कडेच्या भिंतींना आतून अस्तरासारखा लावलेला. आणि अगदी बुडाशी, दोन पानांच्या सांध्यात, ज्वारीच्या दाण्याएवढी नवी जोडी बसलेली. तिची इवलीशी फट जुन्या फटीला बरोबर काटकोनात होती. ते एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर झारीवरचा माझा हात कायमचा आखडला.

वरच्या सपाट भागावर जी नक्षी दिसते, गडद, काचेसारखी, ती या रोपाची खिडकी. कोकणातल्या कौलारू घरात माजघरात उजेड यावा म्हणून मध्येच एक काचेचं कौल बसवतात, तसंच. रोप जमिनीत गळ्यापर्यंत गाडलेलं असतं, फक्त छप्पर वर. उजेड छपरातून आत शिरतो, त्या पारदर्शक गरातून खाली उतरतो आणि भिंतींच्या हिरव्या अस्तरावर पडतो. जिथे वर डोकं काढलं की उन्हाने करपायचं नाही तर कुणा जनावराने खाऊन टाकायचं, तिथे ही घरबांधणी फार शहाणपणाची आहे.

तो मुलूख म्हणजे नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका. विल्यम बर्चेल नावाचा इंग्रज निसर्ग-अभ्यासक 1811 साली ऑरेंज नदीजवळच्या प्रिस्का भागातून जात असताना त्याने एक विचित्र आकाराचा गोटा उचलला, आणि गोटा म्हणून उचललेली वस्तू झाड निघाली. लिथॉप्स हे नाव मात्र पुढे 1922 मध्ये एन. ई. ब्राऊन यांनी दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दगडासारखं दिसणारं. तिथले शेतकरी आफ्रिकान्स भाषेत याला गुरांचे खूर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला 'जिवंत दगड' यापेक्षा ते नाव जास्त आवडतं. दोन फाकांचा खूर मातीत रुतून बसलाय, तंतोतंत तसंच दिसतं. यांच्या मुलखात बऱ्याच ठिकाणी वर्षाला 100 ते 500 मिलिमीटर पाऊस. तुमच्या ठाण्यात तो दोन हजारांच्या वर. सगळी अडचण या दोन आकड्यांत आहे.

त्यात एक गोंधळ इंग्रजी व्हिडिओ घालतात. ब्रिटनमधला माणूस सांगतो, मे ते सप्टेंबर पाणी द्या, हिवाळ्यात बंद. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, कारण त्याच्याकडचा जुलै सौम्य असतो. आपल्याकडे मे ते सप्टेंबर म्हणजे आधी भाजणारं ऊन आणि मग चार महिने दमट हवा. नेमका हाच काळ पाणी आवरण्याचा. हिवाळ्यातलं बंद मात्र दोन्हीकडे सारखं. म्हणजे आपल्या वाट्याला पाणी देण्याचे महिने उरतात ते मोजके, आणि ते मी सणांवर लक्षात ठेवतो.

गणपती गेले, पाऊस ओसरला, हवा जरा कोरडी झाली की वर्षाचं पहिलं पाणी. पण एकदम चिंब नाही. पावसाळाभर कोरड्यात राहिल्याने बारीक मुळं वाळून गेलेली असतात. ती आधी फुटू द्यायची. पहिल्या दिवशी वरचा थर भिजेल एवढंच, आणि चार-पाच दिवसांनी खालून वाहेपर्यंत. दसरा ते दिवाळी हा यांचा खरा हंगाम. दिवस उबदार, रात्री गार, कळ्या याच सुमारास येतात. या काळात पंधरा दिवसांनी एकदा भरपूर पाणी, मध्ये कुंडी पूर्ण वाळू द्यायची. फूल सुकलं, किंवा फूल नसेल तर नोव्हेंबर संपला, की पाणी बंद. मार्गशीर्ष, पौष, माघ काही नाही. होळीच्या आगेमागे जुनी पानं कांद्याच्या सालीसारखी कागदी होतात. ती खरोखर कागदी झाली आहेत याची खात्री झाली की पुन्हा पाणी, उन्हाळा तापण्याआधी एक-दोनदा चांगलं पोटभर. चैत्र-वैशाखात रोप स्वतःला जमिनीत ओढून घेतं, मलूल दिसतं. महिन्यातून एकदा संध्याकाळी घोटभर द्यायचं, तेही वरून सुरकुत्या दिसल्या तरच. पाऊस लागला की पुन्हा कुलूप.

हे पुण्याचं वेळापत्रक. ठाण्या-मुंबईला थंडी उशिरा येते आणि लवकर जाते, त्यामुळे तुमच्याकडे पानांची अदलाबदल एप्रिलपर्यंत रेंगाळू शकते. तारखेकडे बघू नका, सालीकडे बघा. नागपूर-अकोल्याकडे ऊन भयंकर, पण हवा कोरडी; तिथल्या लोकांची रोपं उन्हात पोळतात, तुमची ओलीत कुजतात. मला विचाराल तर पोळलेलं रोप वाचवणं सोपं.

आता तहानेच्या सुरकुत्या आणि जेवणाच्या सुरकुत्या यांतला फरक. आधी फट बघा. फट रुंदावली असेल, आत नव्या जोडीचं टोक दिसत असेल, तर सुरकुत्या कितीही असोत, पाणी नाही. फट घट्ट मिटलेली, आत काही नाही, रोप जमिनीत खचलंय आणि वरच्या खिडकीवरच आडव्या बारीक रेघा पडल्यात, तर ती तहान. तरीही मी लगेच उठत नाही. अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबून बघतो. घट्ट रबरासारखं लागलं तर अजून आठवडा. जरा दबलं तर उद्या सकाळी पाणी. लिबलिबीत लागलं, रंगही काचेसारखा झाला असेल, तर ती तहान नव्हे, कुजणं आहे, आणि त्यावर पाणी हा इलाज नाही.

एक मोह मात्र टाळा. जुनं साल अर्धवट वाळलं की ते ओढून काढावंसं वाटतं. जखमेच्या खपलीसारखंच आहे ते. आत ओलं असताना ओढलंत तर नव्या पानाची कातडी सोबत येते. पूर्ण वाळल्यावर फुंकरीनेही निघतं. आणि नाही काढलं तरी बिघडत नाही.

पहिलं रोप का गेलं, याचा अंदाज तुम्ही ते कशात लावलंत यावरून करता येतो. परदेशातून येणारी बहुतेक रोपं पीटमध्ये (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) किंवा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाढवलेली असतात. व्यापारी पंख्याखाली, मोजून पाणी देऊन ती जगवतो. आपण त्या काळ्या गोळ्यासकट कुंडीत ठेवतो, बाजूने छान निचऱ्याची माती भरतो आणि 'बसण्यासाठी' म्हणून पाणी घालतो. बाजूची माती दोन दिवसांत वाळते; मधला गोळा पंधरा दिवस ओला राहतो, आणि रोपाचं बूड नेमकं त्याच्यात. पार्सल आलं की मुळांभोवतीचं सगळं सोडवायचं, जुन्या दातांच्या ब्रशने, घाई न करता. केसासारखी वाळकी मुळं तुटली तर तुटू दे. तीन-चार दिवस वर्तमानपत्रावर सावलीत तसंच पडू द्यायचं, मग कोरड्या मिश्रणात लावायचं, आणि पहिलं पाणी आठवड्याने. तेही हंगाम असेल तरच. तुमची रोपं डिसेंबरात आली, म्हणजे ती पान बदलण्याच्या आत-बाहेर होती. त्यांना तेव्हा पाणी लागतच नव्हतं. उरलेल्या दोघांच्या बुडाशी काळा गोळा आहे का, ते बघा. असेल तर आत्ताच सोडवा, फक्त पाणी न घालता.

मिश्रणाबद्दल लोक फार वाद घालतात. माझं साधं आहे: आठ भाग खडा, एक-दोन भाग जुनं कुजलेलं पानांचं खत. खडा म्हणजे काय, तर जे मिळेल ते. बांधकामाच्या सामानाच्या दुकानातला बारीक कच, विटांचे तुकडे, कोळसा जळून उरलेले खडे म्हणजे सिंडर, नाही तर नर्सरीत मिळणारे प्युमिस, परलाईट हे हलके ज्वालामुखी खडे. आकार महत्त्वाचा. गहू चाळायच्या चाळणीतून खाली पडेल आणि पिठाच्या चाळणीत वर राहील, तो माझा माल. (चाळण्या वेगळ्या ठेवा, आमच्या घरी यावरून एक दिवाळी वाया गेली.) मग पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, कारण ती बारीक धूळच पुढे सिमेंटसारखी बसते. काळी माती अजिबात नको. ती पाणी धरते, आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. चौपाटीची वाळू नको, मीठ असतं. वरून पसरायला संगमरवराची पांढरी खडी नर्सरीवाले हौसेने देतात. उन्हात तिची तिरीप रोपाला भाजते, शिवाय तिच्यातला चुना पाण्यासोबत हळूहळू मातीत उतरतो. साधे नदीतले तपकिरी खडे पसरा, रोप त्यांच्यात शोभतंही. मिश्रण जमलंय का, याची परीक्षा अशी: कुंडीत पेलाभर पाणी ओता. वर डबकं साचलं तर पुन्हा चाळा.

कुंडी निदान चार इंच खोल हवी. वरून बटणाएवढं दिसणारं हे रोप खाली सोटमूळ सोडतं, त्यामुळे बशीसारख्या उथळ भांड्यात ते नाखूश असतं. ठाण्यात मातीची, बिनरंगाची कुंडी घ्या, लवकर वाळते. भोक नसलेल्या चिनीमातीच्या कपात लावून भेट देण्याची जी पद्धत निघाली आहे, तिच्याबद्दल मी काही बोलत नाही.

तिसरं रोप, जे उंच होऊन झुकलंय, त्याला उजेड कमी पडला. बहुतेक तुमच्याकडे येण्याआधीच, कारण दोन महिन्यांत एवढं ताणणं कोरड्या रोपाला जमत नाही. लांबलेलं पान पुन्हा बुटकं होणार नाही, काही केलं तरी नाही. पण पुढची जोडी योग्य उजेडात आली तर ती बुटकीच येईल. वर्षाला एक संधी असते आणि ती आत्ता चालू आहे. म्हणून याच महिन्यात त्याची जागा बदला. पूर्वेच्या गॅलरीत थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे ऊन तिरपं आणि थोडकंच येतं. कठड्याच्या सगळ्यात बाहेरच्या कडेला, निदान चार तास ऊन पडेल अशी जागा शोधा. पण एकदम नाही. पहिले चार दिवस तासभर, मग दोन तास, असं पंधरा दिवसांत वाढवा. दुकानातल्या सावलीतून थेट उन्हात ठेवलेल्या रोपाची खिडकी पांढरी पडते, आणि तो डागही पुढच्या जोडीपर्यंत तसाच राहतो. एप्रिल-मे मध्ये दुपारचं ऊन येत असेल तर निम्मं ऊन अडवणारी हिरवी शेडनेट. उजेड पुरतच नसेल तर पांढऱ्या एलईडीखाली, वीतभर अंतरावर, रोज दहा-बारा तास, असंही लोक चांगलं वाढवतात. मी स्वतः फक्त रोपवाटिकेच्या ट्रेवर दिवा लावतो.

पावसाळा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण महाराष्ट्रातले लिथॉप्स मरतात ते उन्हाळ्यात नव्हे, जुलैत.

पाऊस अंगावर पडू द्यायचा नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. पण छपराखाली ठेवून काम संपत नाही. ही रोपं दिवसा रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री आत घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उन्हाच्या जोरावर वापरायचा. पाणी वाचवण्याची ही युक्ती गार, कोरड्या रात्रीसाठी आहे. आपल्या जून-जुलैच्या रात्री उबदार आणि दमट, दिवस ढगाळ. अशा वेळी झाड जवळजवळ थांबलेलं असतं. थांबलेल्या झाडाच्या मुळाशी ओल असली की ती झाडाच्या कामाची नसते, बुरशीच्या कामाची असते. म्हणून मे अखेरीस शेवटचा घोट, आणि मग सप्टेंबरपर्यंत कुंडी खडखडीत. इतकी दमट हवा असते की मोठी रोपं तीन महिने पाण्यावाचून सहज काढतात. फारच खचलं तर कुंडीच्या कडेने एक चमचा, ऊन पडलेल्या दिवशी.

याहून उपयोगी काय असेल तर वारा. दोन पावसाळे मी गच्चीच्या जिन्यात, बंद खिडकीमागे कुंड्या ठेवल्या होत्या, एक थेंब पाणी न घालता, तरी अकरा गेल्या. तिसऱ्या वर्षी जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा काढून ट्रेच्या टोकाला बांधला, दिवसरात्र चालू. त्या वर्षी दोन गेल्या. नंतर मी मिश्रणही बदललं, त्यामुळे सगळं श्रेय पंख्याला देता येणार नाही, पण पंखा अजून चालू आहे.

बुरशीनाशकाबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. कार्बेन्डाझिमची पूड पार्सलमधून आलेल्या रोपाच्या जखमी मुळांना मी लावत असे. आता सोडून दिलंय. कोरड्यात चार दिवस ठेवलं की तेच काम होतं.

किडींत त्रास देतो तो पिठ्या ढेकूण. फटीत कापसासारखं पांढरं दिसलं तर काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवून पुसून घ्या. त्याचा मुळांवर राहणारा भाऊ जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. हंगाम बरोबर, पाणी बरोबर, आणि तरी रोप फुगत नाही, शिवाय कुंडीच्या भोकाशी मुंग्यांची ये-जा आहे, तर उपटून बघा. मुळांना पांढरी पूड चिकटलेली असेल. मुळं धुवा, तीन दिवस वाळवा, माती फेकून द्या, कुंडी उकळत्या पाण्याने धुवा. गच्चीवर असाल तर बुलबुलांपासून सांभाळा; उन्हाळ्यात पाण्यासाठी ते सरळ चोच मारतात. सहाव्या मजल्यावर तुम्हाला कबुतरं त्रास देतील.

खत? मी देत नाही. पानांच्या खतातलं पुरतं, आणि दोन-तीन वर्षांनी मिश्रण बदलतोच.

नवीन घ्यायचे असतील तर जात बघून घ्या. लेस्लिआय आणि ऑकॅम्पिए या उन्हाळी पावसाच्या प्रदेशातल्या, म्हणून आपल्या चुका थोड्या जास्त सोसतात. सॅलिकोला तर खारट तळ्यांच्या काठी राहणारी. तिच्या नावाचा अर्थच तो. ती जरा जास्त पाणी झालं तरी रागावत नाही. या तिघींपासून सुरुवात करा. ऑप्टिका रुब्रा, ती डाळिंबी लाल, सगळ्यांना हवी असते आणि कोकणपट्टीत पहिल्या पावसातच जाते. तीन वर्षं बाकीच्या टिकल्या की मग घ्या. लेबलवर 'सी' अक्षर आणि पुढे आकडा असेल तर तो डेस्मंड आणि नॉरीन कोल या दांपत्याच्या नोंदवहीतला आहे. दक्षिण आफ्रिकेत अनेक दशकं हिंडून त्यांनी चारशेवर ठिकाणच्या लिथॉप्सना क्रमांक दिले, आणि जगभरातले लोक अजून त्याच क्रमांकांनी बिया देतात-घेतात. असा आकडा लिहिणारा विक्रेता निदान आपण काय विकतोय ते जाणतो. उलट 'जंगलातून आणलेलं, जुनं, मोठं' असं कुणी कौतुकाने सांगितलं तर घेऊ नका. तिकडे या कुळातल्या रोपांची चोरी हा मोठा धंदा झालाय, आणि खणून आणलेलं रोप तुमच्या गॅलरीत तसंही जगत नाही.

राहिल्या निळ्या-जांभळ्या बिया. घेऊ नका. निळं लिथॉप्स नसतं. राखाडी, तपकिरी, विटकरी, शेवाळी, पिवळट हिरवं, लाल हे सगळं असतं. मोरपिशी आणि निळं-जांभळं फक्त कॉम्प्युटरवर रंगवलेल्या फोटोत. माझ्या एका मित्राने हौसेने असं पाकीट आणून पेरलं, आणि महिनाभर रोज फवारणी केल्यावर ट्रेभर घोळीची भाजी उगवली. त्याने ती केली, चांगली झाली होती म्हणे.

खऱ्या बिया लावायच्या असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रात्रीचं तापमान विशीच्या आसपास असताना. खसखशीहून बारीक बी असतं. मिश्रण जरा बारीक घ्यायचं, उकळत्या पाण्याने भिजवून गार करायचं, बी वरून शिंपडायचं आणि झाकायचं नाही. डब्याला प्लास्टिक लावून उजेडात, पण उन्हात नाही. आठ-दहा दिवसांत हिरव्या टाचणीच्या डोक्यांसारखी उगवतात. मग प्लास्टिक रोज थोडं थोडं उघडत न्यायचं. एकदम काढलं तर वाळतात, तसंच ठेवलं तर बुरशी. पहिले दोन-तीन महिने माती पूर्ण वाळू द्यायची नाही, मोठ्यांचे नियम या पोरांना लागू नाहीत. शेवाळ आलं तर घाबरू नका, फवारणी कमी करा. शंभरातली तीसही पहिला पावसाळा ओलांडून गेली तर उत्तम. फूल यायला तीन वर्षं धरून चाला.

फूल म्हणजे आकाराने रोपाला झाकून टाकणारं, पिवळं नाही तर पांढरं, दुपारी तीन-चारला उमलणारं आणि सूर्य कलला की मिटणारं. ऑफिसला जाणाऱ्यांना ते फक्त शनिवार-रविवारी दिसतं. बी धरायला एकाच जातीची दोन वेगवेगळी रोपं एकाच वेळी फुललेली लागतात; एकट्याचं स्वतःशी जमत नाही. रंगकामाचा बारीक ब्रश घेऊन दोघांच्या मधून चार दिवस फिरवायचा. बोंड पिकायला आठ-नऊ महिने जातात, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात ते तयार होतं.

बोंड कधी मिळालं तर फोडू नका. बशीत ठेवून त्यावर दोन थेंब पाणी टाका आणि बघत बसा. काही मिनिटांत पाच-सहा पाकळ्यांचं झाकण उलगडतं, लाकडी ताऱ्यासारखं, आणि आत कप्प्याकप्प्यांत बिया दिसतात. त्या मुलखात पावसाचा टपोरा थेंब नेमका त्यात पडतो आणि बिया उडवून बाहेर टाकतो. पाऊस आला आहे याची खात्री झाल्याशिवाय दार उघडतच नाही. तुम्ही ड्रॉपरने तेच करा, बशीत दहा-वीस बिया येतील. मग बोंड उन्हात ठेवा. तासाभराने ते पुन्हा घट्ट मिटलेलं असतं, उरलेल्या बियांसकट.